मटायोच्या अंगणातला इतिहासाचा तास

मसाका शहराच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथे पावसाळाभर मटायोच्या मोगरीचा ठकठक आवाज येत राहतो, पण त्याच्या अंगणात पोरं पाऊल टाकत नसत. मटायो मुटुबाच्या झाडाची साल काढून तिचं कापड बडवतो. त्या कापडाला आम्ही लुबुगो म्हणतो. पोरांनी ते एकाच ठिकाणी पाहिलेलं, मयताच्या अंगावर. म्हणून सत्तरीतल्या त्या हसऱ्या माणसाला त्यांनी नाव पाडलं होतं 'मढ्यांचा शिंपी'. त्याच्या कानावर ते गेलं होतंच. तो म्हणायचा, "गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही. याहून चांगला धंदा दाखवा!"

मटायो अकरा वर्षांचा होता तेव्हा बापानं त्याच्या हातात मोगरी दिली. पुढे तो राजधानीत, कंपालात गेला आणि बारा वर्षं टॅक्सी चालवली. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा परत आला, तो इथलाच झाला. त्याची बायको मारिया म्हणते, "तिकडे ऐकायला उतारू होते, इथे झाडं आहेत. बडबड काही कमी झाली नाही."

मी इथल्या शाळेत चौथीला शिकवतो. आमच्या इकडच्या जुन्या राज्याच्या धड्यात लुबुगोवर एकच ओळ होती. मी ती वाचली आणि मागून कोणीतरी "शी!" केलं. दुसऱ्या दिवशी मी अख्खा वर्ग घेऊन मटायोच्या दारात उभा राहिलो.

"मास्तर, एवढी गिऱ्हाइकं? तीही जिवंत?" मटायो म्हणाला. पोरं माझ्या मागे दडली.

त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि कामाला लागला. झाडाला उभी चीर दिली, केळीच्या दांड्याची पाचर सारत साल सोलली, ती अखंड उतरली. मग उघड्या खोडाला त्यानं केळीची पानं गुंडाळली.

"जज्जा, झाड मरणार का?" माझ्या वर्गातल्या इमेल्डानं न राहवून विचारलं. आजोबांना आम्ही जज्जा म्हणतो.

"मरतंय कशाला! बाळंतिणीसारखं जपायचं. वर्षभरात नवी साल देतं. माझ्या बापानंही याच झाडाची काढली होती."

मग पोरं पुढे सरकली. जाड खाचांची मोगरी, मधली, बारीक, पाळीपाळीनं सगळ्यांनी बडवून पाहिलं. हातभर रुंद साल रुंदावत चादरीएवढी झाली. मटायो सांगत होता, "एकेकाळी राजापासून गुराख्यापर्यंत सगळे हेच नेसायचे. लग्नात हेच, राज्याभिषेकात हेच. मग किनाऱ्याकडून व्यापारी सुती कापड घेऊन आले. लोक तिकडे वळले आणि आमच्याकडे उरली मयतं."

त्यानं इमेल्डाच्या खांद्यावरून जुनं, विटकरी रंगाचं लुबुगो बांधलं. पोरगी राणीसारखी मिरवू लागली.

तेवढ्यात मारियानं तळलेल्या नाकतोड्यांचं ताट आणलं. मटायोनं एकेकाला कूळ विचारलं. कोणी माकडाच्या कुळातलं, कोणी माशाच्या. एक फुटबॉलवेडा ठसक्यात म्हणाला, "आर्सेनल!"

"ते कूळ नव्हे रे, तो रोग आहे!" मटायो म्हणाला. "आणि तू गं?"

"नाकतोडा," इमेल्डा म्हणाली. गाल फुगलेले, तोंडात घास.

"अगं, थुंक! आपलं देवक खातात का? मी पाणमांजराच्या कुळातला, जन्मात पाणमांजराला हात लावला नाही. तू तर काकालाच चावलीस!"

पोरं हसून लोळायची बाकी राहिली. इमेल्डा मात्र रडवेली झाली. मटायोनं तिला जवळ बसवलं. "घरी आजीला विचार, तुझ्या बापाचा बाप कोण, त्याचा बाप कोण. चुकून खाल्लं त्याला माफी आहे. माहीतच करून घेतलं नाही, त्याला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी इमेल्डाचा बाप लाझारो शाळेत आला. त्याचं खताचं दुकान आहे आणि आवाज दुकानाहून मोठा. "मास्तर, माझ्या पोरीला मढ्याचं कापड गुंडाळलंत? उद्या काही झालं तर?"

मी त्याला मटायोकडेच नेलं. इमेल्डाही पाठोपाठ आली.

मटायोनं शांतपणे विचारलं, "कूळ?"

"नाकतोडा."

"आजाचं नाव?"

लाझारोनं सांगितलं.

"पणज्याचं?"

लाझारो डोकं खाजवू लागला. मागून इमेल्डानं सुरुवात केली, आणि न अडखळता सहा पिढ्या म्हणून दाखवल्या. पाचव्यापाशी थांबून म्हणाली, "यांनी भाल्यानं बिबट्या मारला होता. राजानं त्यांना लुबुगो दिलं. आजीनं सांगितलं."

लाझारो पोरीकडे पाहतच राहिला. "आईनं मला कधी सांगितलं नाही!"

"तू विचारलंस कधी?" मटायोनं मोगरी पुढे केली. "बस. दोन टोले घाल, राग निवेल."

लाझारोनं अशी जोरात मारली की सालीला भोक पडलं. मारिया आतून ओरडली, "खत टाकताय की कापड करताय?" तो स्वतःच हसत सुटला.

आता दर नोव्हेंबरात, आमच्याकडे पाऊस आणि नाकतोडे येतात तेव्हा, तीन शाळांची पोरं मटायोकडे येतात. त्यांना टेंपोतून आणून सोडतो लाझारो, आणि वाटेत प्रत्येकाला पणज्याचं नाव विचारून भंडावतो.