सूची तपासताना समोरची खुर्ची

मंडळी, आज मी ऑफिसात रिकाम्या खुर्चीशी बोलले.

यंत्रांच्या मॅन्युअलच्या शेवटी शब्द आणि पान नंबर असलेली सूची असते ना, ती मी बनवते. आज शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या पंपाची सूची तपासत होते. मोठ्यानं म्हणाले, "गळती, पान बेचाळीस," आणि सवयीनं उत्तराची वाट बघत बसले.

समोर नसीम आपा बसायच्या. मी शब्द वाचायचा, त्यांनी ते पान उघडून म्हणायचं, "सापडलं." त्या रिटायर होऊन लेकीकडं नाशिकला गेल्या. आता त्यांच्या वाटची पानं कॉम्प्युटर तपासतो. चुका बरोबर काढतो, पण बोलत नाही मेला.

राहवलं नाही, फोन लावला. "आपा, गळती, पान बेचाळीस."

"अगं, पुस्तक कुठंय माझ्यापुढं?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "थांब, चष्मा लावते."

जरा वेळानं आवाज आला, "सापडलं. पुढचं बोल."

'ग'चे सगळे शब्द संपेपर्यंत मी वाचत राहिले. फोन ठेवला, तर खुर्ची आणखीच रिकामी.

तुमच्याही समोर असं कुणी बसायचं का हो?