आईने निवडलेली शिट्टी

हाताला किल्ल्यांचा पितळी वास लागला की हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरचं ते किल्ल्या-जुडग्यांचं दुकान आठवतं. धारवाडला एकटी राहणारी आई न्हाणीघरात पडली होती आणि तिची हाक शेजारी पोचलीच नव्हती. "आता माझ्याकडेच चल," मी म्हणाले. ती मला हुबळीला त्या दुकानात घेऊन गेली. जुडग्याला अडकवायचा चाकू तिने परत केला, "उघडताना नखं तुटतील." छोटी बॅटरी घेतली. मग एक शिट्टी अशी फुंकली की अख्खं दुकान दचकलं. "साकु अम्मा, साकु!" दुकानदार कानडीत 'पुरे, पुरे' म्हणत कानांवर हात ठेवून हसला. आई माझ्याकडे वळली, "ऐकू आली ना? मग मी माझ्याच घरी राहणार." तेव्हा मला रागच आला होता. आता माझी मुलगी मला तिच्याकडे राहायला बोलावते, आणि मीही नाही म्हणते.