माळावरचा जांभळा ठिपका

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर शेवभाजी हाणत होतो. ठसका असा लागला, की समोर उभा ट्रक हलला. खोटं वाटत असेल तर ट्रकवाल्याला विचारा... सापडला तर.

आमचा दिगू उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीवरची खनिजं ओळखायचा. ऊन पडलं की प्रत्येक माती आपापल्या तऱ्हेनं उजेड परत फेकते. त्यावरून हा बसल्या जागी सांगायचा, इथं गेरू, तिथं चुनखडी. मग खात्री करायला स्वतः जायचा आणि खडा उचलून जिभेला लावायचा. बीड जिल्ह्यातला निम्मा मुरूम त्याच्या पोटात गेलाय, असं मी गावभर सांगायचो. जमिनीवर सापडून जिभेला लागल्याशिवाय नकाशात रंग भरायचा नाही, हा त्याचा नेम.

त्या नेमापायीच नकाशा अडला. धर्मापुरीजवळ, त्याच्या घरच्याच माळावर, चित्रात खळ्याएवढा जांभळा ठिपका दिसायचा. "हाडाच्या राखेशी जुळतंय बे," तो म्हणायचा. "पण इथं राख कुठली?" हातातलं जागा दाखवणारं यंत्र बरोबर त्या ठिपक्यावर पोचलं की वाजायचं, आणि पायाखाली नुसता काळा दगड.

"सोड की. उपग्रहावर कावळा बसला असंल," मी म्हणालो.

"दर साली तिथंच बसतो व्हय? हे सुटलं न्हाई तर नकाशा अर्धाच राहतो माझा."

अर्धाच राहिला...

राख सावडल्यावर त्याची थोरली बहीण, अक्का, म्हणाली, "नदीला नको. आपल्याच माळावर टाकू." अक्काला नकाशातलं ओ की ठो कळत नाही. दिगूचं यंत्र मी चालू करून पिशवीत घेतलं होतं, त्याला सोबत म्हणून. माळावर ना झाड ना बांध, जिकडं बघावं तिकडं सारखंच. अक्का चालत राहिली आणि मधेच थांबली.

"इथं टाका."

"इथंच कावून, अक्का?"

"पाय दुखायलेत माझे."

तेवढ्यात पिशवीत यंत्र वाजायला लागलं.

लोक मला थापाड्या म्हणतात, म्हणून हे कुणाला बोललो नव्हतो. नकाशा अजून त्याच्या खोलीत भिंतीवर आहे. सगळा रंगवलेला, तेवढी खळ्याएवढी जागा कोरी. परवा अक्का म्हणाली, "तू तरी भर की रं तेवढं." मी जांभळी पेन्सिल उचलली. राख जमिनीवर तर सापडलीच होती... मग त्याचा अर्धा उरलेला नेम आठवला, जीभ आत घेऊन तोंड घट्ट मिटलं, आणि पेन्सिल जिथल्या तिथं ठेवली.