तरंगणारं यंत्र

रविवारी हौसेनं शिडाची होडी खाडीबाहेर काढणाऱ्या माझ्यासारख्याला महागडं जीपीएस कशाला हवं? बंदरावरच्या दुकानात हातात मावणारं, स्वस्तातलं एक पसंत केलं. बॅटरी किती टिकते, उन्हात पडदा दिसतो का, सगळं विचारून झालं.

"डोळे मिटून घ्या," दुकानदार म्हणाला. "पाण्यात पडलं तरी बुडत नाही, तरंगतं."

शेजारी जाळ्यासाठी दोर पारखणारी बाई मान वर न करता म्हणाली, "आमचाय तरंगणाराच होता. घोवाच्या हातात होता. ताच तेवढा गावला."

दुकानदार यंत्राचं खोकं पुसू लागला. मला तिचा रागच आला. नवरा गेला आणि यंत्र तेवढं सापडलं, हे आता कशाला सांगायचं? ती मात्र दोराला हिसका देऊन बघत होती.

माणूस कुठे आहे ते यंत्र सांगतं, असं आपण धरून चालतो. ते सांगतं फक्त स्वतःची जागा. हात सुटला की आपला त्याचा संबंध संपला.

तरी घेतलंच. घरी येऊन अंगणातल्या पाण्याच्या पिंपात सोडून पाहिलं. पडदा वर करून ते संथ डुलत राहिलं, आणि स्वतः कुठे आहे ते बिनचूक दाखवत राहिलं.