मुदत संपलेल्या नावांचा धंदा

आमचे हे नावं विकत. माणसांची नव्हे, वेबसाइटची. गल्लीत सगळे त्यांना 'नाववाले' म्हणत आणि हे खूश होत. छापखान्यातली नोकरी गेल्यावर दोन वर्षं घरी बसून माझं डोकं खाल्लं, मग कुठून तरी ही विद्या शिकून आले. सकाळी चहाचा कप हातात घेऊन मुदत संपलेल्या नावांची यादी उघडायची, कुठल्या दुकानदाराने किंवा दवाखान्याने आपलं नाव वेळेवर पुन्हा नोंदवलं नाही ते हेरायचं, ते स्वतःकडे घ्यायचं आणि मग मालकाला अगदी नम्रपणे कळवायचं, की आपलं नाव माझ्याकडे सुखरूप आहे. "मोकळं होतं, घेतलं. ह्यात चोरी कसली?" असं त्यांचं म्हणणं. मला ते कधी पटलं नाही. पण नुसत्या माझ्या शिलाईवर घर चालत नव्हतं, म्हणून मीही मूग गिळून मशीन चालवत राहिले.

घेतलेल्या प्रत्येक नावाच्या पानावर ते दोनच शब्द टाकत, 'विकणे आहे', आणि खाली आपला फोन नंबर. गिऱ्हाइकंही काही कमी बिलंदर नसत. किंमत काढून घ्यायला बायकोला, सासूला फोन करायला लावत, आणि त्या भोळेपणाचा आव आणून विचारत, हे बंद झालं का हो? एकदा हे त्यात फसले आणि चांगलं नाव कवडीमोलाने गेलं. तेव्हापासून कुणीही काहीही विचारो, ह्यांचं उत्तर ठरलेलं असे, विकायचंय, घ्यायचं असेल तर बोला.

पुढे एका डायलिसिस सेंटरचं नाव ह्यांच्या हाती लागलं. सेंटर नव्या इमारतीत हलत होतं. नवा पत्ता वेबसाइटवर बघा, असं पेशंटना सांगून ठेवलं होतं आणि त्याच गडबडीत नावाची मुदत उलटून गेली. जुन्या जागेला कुलूप, फोनची लाइन नव्या जागी अजून जोडलेली नाही, आणि वेबसाइटवर आमचे दोन शब्द. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

एका मंगळवारी दुपारी फोन आला. स्पीकर चालू होता. आवाज म्हाताऱ्या बाईचा.

"अहो, सेंटर बंद झालं का? आमच्या ह्यांना घेऊन आलेय, दाराला कुलूप आहे. एका मुलीने मोबाइलवर बघून हा नंबर दिला."

ह्यांनी फोनवर हात धरला आणि मला म्हणाले, "नाटक बघ." मग तिला म्हणाले, "ते आता माझ्याकडे आहे, बाई. विकायचंय. घ्यायचं असेल तर बोला."

"विकायला काढलं? मग आम्ही कुठं जायचं?"

"ते मी कसं सांगू?"

मी हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले. इतका भाबडा आवाज, मला वाटलं बाई पट्टीची नटी आहे.

तीन आठवड्यांनी सेंटरच्या वकिलाची नोटीस आली. ह्यांचंच नम्र पत्र पुरावा म्हणून जोडलं होतं. नाव दुसऱ्याचं आहे हे ठाऊक असून घेतलं, हे ह्यांनी त्यात सहीनिशी लिहून दिलं होतं. खाली नुकसानीत एक ओळ होती. एक निवृत्त पोस्टमास्तर, मंगळवार-शुक्रवारचे पेशंट, सेंटर बंद झालं समजून दुसरी जागा शोधत राहिले आणि नवव्या दिवशी वारले. ह्यांनी ती ओळ वाचली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी ह्यांचा फोन उघडून त्या मंगळवारचा, म्हाताऱ्या बाईचा नंबर शोधला.

निकाल लवकर लागला. नाव सेंटरला परत गेलं. हे आमच्या वकिलाला विचारत राहिले, "आणि त्या माणसाचं काय?"

"तो मुद्दा तिथे नव्हताच. फोनचं कुणाला माहीतही नाही. सुटलात, घरी जा."

सुटले कसले. यादी उघडणं बंद झालं, जेवण तुटलं, फोन वाजला की दचकायचे. शेवटी मीच वैतागून म्हणाले, "एवढं जिवाला लागलंय तर जाऊन सांगा तिला. ती बिचारी कुणाला दोष देत बसली असेल कोण जाणे."

नंबर फोनमध्ये होताच. फोन करून पत्ता विचारला आणि दोघं गेलो. दोन स्वच्छ खोल्या, खिडकीशी एक रिकामी खाट. तिला वाटलं, आम्ही पोस्टातले. बसवलं, पाणी दिलं आणि आपणहून बोलू लागली.

"मीच चुकले. शुक्रवारी पुन्हा एकदा जाऊन बघायला हवं होतं. मुलगा म्हणतो, आई, एका फोनवर विश्वास ठेवलास? आता बोलत नाही माझ्याशी."

"तो फोन मी घेतला होता," हे म्हणाले. "सेंटर माझं नव्हतं. नुसतं नाव माझ्याकडे होतं. सेंटर चालूच होतं, आजी."

तिने विचारलं, "नाव तुमच्याकडे आणि सेंटर त्यांच्याकडे?"

ह्यांनी पुन्हा सांगितलं. अडखळत, हातवारे करत, यादी, मुदत, सगळं. "चूक माझी आहे, तुमची नाही," असं चारदा म्हणाले. तिने मन लावून ऐकलं, पण तिला काही उमगलं नाही. हे रडायला लागले तेव्हा तिने उठून ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुम्ही काय वावगं बोललात? विकायचं होतं, विकायचंय म्हणालात," ती म्हणाली. "मलाच नीट विचारता आलं नाही."