न मागता दिलेली क्वार्टर

दारूच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाचं नाव सहसा कुणी विचारत नाही. गिऱ्हाइकाला घाई असते. या माणसाला मात्र गिऱ्हाइकांनीच नाव बहाल केलं होतं: अंतर्यामी. बावीस वर्षांत त्याने एकच कसब कमावलं होतं. गिऱ्हाईक पायरी चढायला लागलं की त्याची नेहमीची बाटली फळीवरून उतरायची, वर्तमानपत्रात गुंडाळली जायची आणि माणूस काउंटरला टेकेपर्यंत समोर हजर असायची. कुणाला तोंड उघडावं लागायचं नाही. दारू मागताना माणसाला जी थोडीशी लाज वाटते, आणि जी कधीकधी त्याला दारातूनच परत पाठवते, ती त्याने या दुकानापुरती हद्दपार केली होती. शेठ याला सेवा म्हणत.

मागच्या महिन्यात सरकारी खात्याने दुकानदारांसाठी ‘जबाबदार विक्री’चं एक दिवसाचं शिबिर घेतलं. चष्मा लावलेल्या अधिकारी बाईंनी सांगितलं, वय विचारा, आधीच प्यायलेल्याला देऊ नका, एका दमात चार-पाच बाटल्या नेणाऱ्याशी दोन शब्द बोला. “विचारत चला,” त्या म्हणाल्या, “विचारलं की माणूस थांबतो.” अंतर्यामी मागच्या बाकावर बसून गालात हसला होता. विचारायला लागणं म्हणजे धंदा न येणं, असं त्याचं मत. शेवटी प्रत्येकाला दुकानात लावायला एक स्टिकर मिळाला. शेठनी तो इमानदारीत लावला, फ्रिजच्या मागच्या बाजूला. प्यायलेला माणूस ओळखायचा कसा, यावर शेठचा तोडगा सोपा होता. “आपल्याला तीन पायऱ्या आहेत. त्या जो चढून येतो, तो शुद्धीत.”

दारू सोडलेल्या माणसाचं काय करायचं, ते शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं. तो गिऱ्हाईकच नसतो, मग त्याच्यासाठी नियम कशाला?

तर असा एक माणूस सोमवारी आला. मोठ्या हॉस्पिटलच्या लिफ्ट सांभाळणारा मेकॅनिक. अकरा वर्षं रोज संध्याकाळी साडेपाचला त्याची क्वार्टर ठरलेली, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी तीन. गेले चार महिने तो समोरच्या फुटपाथवरून मान खाली घालून जायचा. सोमवारी मात्र पायऱ्या चढून वर आला. अंतर्यामी त्या वेळी मागे वळून दुसऱ्या कुणाची बाटली काढत होता. त्याने कानानेच पाऊल ओळखलं. डावा बूट जरा घासत टाकायची सवय. हात गेला, क्वार्टर उतरली, कागद गुंडाळला गेला, समोर ठेवली. मग डोकं वर आलं.

मेकॅनिक बाटलीकडे बघत होता. तोंड अर्धवट उघडं होतं, काहीतरी बोलायला म्हणून उघडलेलं. मागून कुणीतरी म्हणालं, “सरका की पुढे, मुहूर्त बघताय का?” मेकॅनिकने पैसे ठेवले, पुडकं खिशात घातलं आणि गेला.

“हा काय मागायला आला होता?” अंतर्यामीने शेजारी उभ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला विचारलं.

“रिकामा खोका. खाली माझ्याशी बोलत होता. तुमचे खोके मजबूत असतात म्हणाला. पोरीची पुस्तकं भरायचीत.”

तेव्हापासून अंतर्यामीच्या अंगात काहीतरी शिरलं. मंगळवारी तो स्टुलावर बसेना. फळीवरच्या बाटल्या पुन्हापुन्हा सरळ करू लागला, ज्या मुळात सरळच होत्या. साडेपाचला दाराशी आला, सहाला आला, सव्वासहाला आला. मेकॅनिक दिसला नाही. येत नाही म्हणजे बरं, असं मनाशी म्हणावं, तर लगेच दुसरं मन म्हणे, पुढच्या चौकात दुसरं दुकान आहे. बुधवारी सकाळी बायको म्हणाली, “पाय हलवू नका. चहा मी कपात ओतलाय, टेबलावर नाही.”

“मी कुठे हलवतोय?”

“मग भूकंप झाला असेल. काय झालंय सांगाल का?”

त्याने चप्पल घातली आणि दुकान गाठलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तो हॉस्पिटलकडे निघाला. का, हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने ब्लडप्रेशर तपासायचंय असं ठोकून दिलं असतं. लिफ्टपाशी पाटी लटकत होती: ‘बंद आहे. जिना वापरा.’ लिफ्ट बंद असायला हजार कारणं असतात. त्याला एकच सुचलं.

केसपेपरच्या खिडकीत मेकॅनिकची बायको बसते हे त्याला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी ती एकदा दुकानात येऊन म्हणाली होती, “यांना देत जाऊ नका.” तेव्हा त्याने फार नम्रपणे उत्तर दिलं होतं, “वहिनी, आम्ही विकतो, पाजत नाही.” वाक्य तेव्हा त्याला बरंच आवडलं होतं. घरी जाऊन बायकोलाही ऐकवलं होतं.

आता तो रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला.

“पेशंटचं नाव?” तिने मान वर न करता विचारलं.

“वहिनी, मी. दुकानातला.”

तिने मान वर केली. “इथेही माल पोचवता की काय?”

“मेकॅनिकसाहेब कसे आहेत?”

“घरी. सोमवारी पिऊन आले. दोन दिवस तोंडावर चादर ओढून पडलेत, दोन लिफ्ट बंद आहेत, साहेब माझ्याकडे बघून हातातलं घड्याळ दाखवतोय. शुक्रवारी लेकीला हॉस्टेलवर सोडायचंय. ती म्हणते, बाबा शुद्धीत असले तरच स्टेशनवर येऊ देत, नाहीतर मी एकटी जाईन. अजून काही हवंय तुम्हाला?”

“सोमवारी त्यांनी मागितली नव्हती.”

“काय?”

“क्वार्टर. ते खोका मागायला आले होते. मीच समोर ठेवली. सवयीने.”

मागची रांग चुळबुळली. कुणीतरी खोकलं. तिने पेन खाली ठेवलं.

“मला तेच सांगत होते ते,” ती हळू म्हणाली. “म्हणे, मी मागितली नाही, समोर आली. मी म्हटलं, बाटली काय पाय फुटून येते का? दोन दिवस बोलले नाहीये मी त्यांच्याशी.” मग एकदम आवाज चढला. “प्यायले ते त्यांनीच, त्यात तुमचं काही नाही. पण त्यांना नाही म्हणायला निदान जागा तरी ठेवायची होती! व्हा बाजूला. पुढचा!”

गुरुवारी अंतर्यामीने सकाळीच एक चांगला जाड खोका निवडला, बुडाला दुहेरी चिकटपट्टी मारली आणि काउंटरखाली ठेवला. दिवसभरात चार वेळा तो त्याला अडखळला. शेठ म्हणाले, “खोक्याला नवस बोललायस का?”

साडेपाचला घासणारं पाऊल पायरीवर वाजलं. दाढी वाढलेली, डोळे खोल. अंतर्यामीचा उजवा हात आपल्या आपण फळीकडे निघाला. त्याने तो डाव्या हाताने धरून खाली आणला. बघणाऱ्याला वाटलं असतं, खांदा धरलाय.

“काय हवं?” त्याने विचारलं.

बावीस वर्षांत हा प्रश्न इथे कुणी ऐकला नव्हता.

“अरे, अंतर्यामीची बॅटरी उतरली!” मागून एक जण.

“तुम्हाला माहीत आहे,” मेकॅनिक म्हणाला.

“नाही.”

“अकरा वर्षं माहीत होतं. सोमवारी माहीत होतं.”

“सोमवारी चुकलो. तोंडाने सांगा. जे सांगाल ते देईन.” हे तो खरंच बोलत होता. माणूस शुद्धीत होता, वयाने मोठा होता, पायऱ्या चढून आला होता. क्वार्टर म्हणाला असता तर द्यावी लागली असती.

मेकॅनिकने ओठ ओले केले. फळीकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं. “आपल्याला उशीर होतोय हो,” रांग म्हणाली. शेठनी घसा खाकरला. अंतर्यामीने कुणाकडे पाहिलं नाही.

“सोमवारी,” मेकॅनिक अखेर म्हणाला, “एक खोका मागायचा राहिला होता.”

खोका काउंटरवर आला. मेकॅनिकने तो दोन्ही हातांनी उचलला. एवढा मोठा, की त्याचं तोंड दिसेनासं झालं. चाचपडत तीन पायऱ्या उतरला आणि रस्त्याला लागला. अंतर्यामी दाराशी जाऊन टाचा उंचावून बघत राहिला. कोपऱ्यावरून डावीकडे घर, उजवीकडे दुसरं दुकान. तिथला काउंटरवाला कुणालाच ओळखत नाही, म्हणून सगळ्यांना विचारतो. खोका कोपऱ्यापर्यंत गेला, थांबला, आणि नेमका तेव्हाच मध्ये एक टेम्पो येऊन उभा राहिला. टेम्पो हलला तेव्हा कोपरा रिकामा होता.

“तिकडे काय बघतोस?” शेठ ओरडले. “रांग बघ!”

तो परत आला. पुढे उभा होता तो सुतार, नऊ वर्षांचं गिऱ्हाईक. हात पसरूनच आला होता, तळवा वर.

“काय हवं?” अंतर्यामी म्हणाला.

“मस्करी करता का राव?”

“नाही. काय हवं, आणि किती?”

सुताराने तळवा मागे घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि कान खाजवायला लागला. शेठ गल्ल्यावरून उठले. अंतर्यामी काउंटरखालच्या मोकळ्या जागेत पाय हलवत, उत्तराची वाट बघत उभा राहिला.