जाळीमागचा कपलर

“शामराव मुद्दाम वायर ओढतात, असं माझं स्पष्ट मत आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही फक्त ते मला दाखवून द्या. पुढचं मी बघते.”

माझ्या पडवीत, माझ्याच कामाच्या स्टुलावर त्या बसल्या होत्या आणि मी खाली पाटावर. शामराव, म्हणजे त्यांचे ड्रायव्हर, फाटकाबाहेर गाडीपाशी उभे होते. त्यांना हे ऐकू जात असावं. कारण आधीच लख्ख असलेली काच ते पुन्हा पुन्हा पुसत होते.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नागपुरात गाड्यांच्या वायरिंगचं काम घरी करायची. लग्नाआधी रेडिओ जोडायच्या कारखान्यात सोल्डरिंग करत होते, त्यामुळे हात बसलेला होता. लग्न झालं ते मोटार मिस्त्रीशी. ह्यांचं गॅरेज सीताबर्डीच्या मागच्या बोळात. इंजिन, ब्रेक, क्लच ह्यांच्याकडे आणि वायरी माझ्याकडे, अशी वाटणी. वायरींचा गुंता दिसला की ह्यांना घाम फुटायचा. “हे शेवयाचं काम तुझं वं बाई,” म्हणत गुंता घमेल्यात घालून घरी आणायचे. गिऱ्हाइकं नाक मुरडायची. बाईमाणूस गाडी काय दुरुस्त करणार? मी म्हणायची, “नका देऊ. न्या ढकलत.” तोंड माझं पहिल्यापासून फटकळ.

डॉक्टरीणबाईंना मात्र माझं बाई असणं खटकलं नाही. त्यांचा धंतोलीत बाळंतपणाचा दवाखाना होता. दर गुरुवारी रामटेकला जाऊन तिथल्या बायकांना तपासायच्या. गाडी ॲम्बॅसडर, जुनी पण ठणठणीत. ती त्या उन्हाळ्यात रामटेकच्या रस्त्यावर बंद पडायला लागली. चालता चालता फट्‌दिशी इंजिन बंद. हॉर्न नाही, दिवे नाहीत. ओढून गॅरेजात आणली की एका सेल्फमध्ये चालू!

“शहरात एकदाही बंद पडत नाही,” बाई बोटं मोडत सांगत होत्या. “रामटेकच्याच रस्त्यावर पडते. आणि उन्हाळा लागला तेव्हा हेच मला म्हणाले होते, बाई, दुपारच्या उन्हात रामटेक नको. मग मी काय समजायचं?”

“त्यांना विचारलं का तुम्ही?”

“विचारलं ना. म्हणाले, मी हात लावला नाही. दुसरं काय म्हणणार?” बाईंचा आवाज खाली आला. “मागच्या गुरुवारी तिकडे एक बाई अडली होती. पहिलटकरीण. माझी वाट बघत होते सगळे, आणि मी रस्त्यावर. शेवटी तांदळाच्या ट्रकला हात दाखवून गेले. दोघं वाचली, पण कशी वाचली ते माझं मला माहीत. मला झोप नाही हो तेव्हापासून.”

राग खरा होता आणि रागाचं कारणही खरं होतं. त्यांनी शामरावांना सांगून टाकलं होतं, पुन्हा एकदा गाडी थांबली की नोकरी संपली. नोकरीबरोबर बंगल्यामागची खोलीही जाणार होती. त्या खोलीत शामराव, त्यांची बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली राहत होत्या.

गाडी माझ्याकडे ठेवून बाई रिक्षाने गेल्या. शामराव मात्र हलेनात.

“वहिनी, मी हात नाही लावला जी,” ते म्हणाले. बस, एवढंच.

“लावला असंल तर वायर सांगन ना मले,” मी म्हटलं. “बसा तिथं सावलीत. पाणी घ्या माठातलं.”

बॉनेट उघडलं. टेस्ट लॅम्प, म्हणजे एक बल्ब, त्याला दोन वायरी, एवढंच माझं हत्यार. वायरीत करंट असला तर बल्ब पेटतो. मागून पुढे तपासत आले. सगळं ठीक. मग समोरच्या जाळीमागे, रेडिएटरच्या बाजूला, कपलर सापडला.

कपलर म्हणजे वायरींच्या दोन जुडग्यांची गाठ. एका तोंडात पितळी पिना, दुसऱ्या तोंडात त्या बसायची भोकं. दोन्ही एकमेकांत दाबली की वायरी जोडल्या गेल्या. ह्या गाडीला मागे कधीतरी समोरून ठोकर बसली होती, तेव्हा कुणीतरी तुटलेल्या वायरी ह्या कपलरने जोडून दिल्या होत्या. दिव्यांची वायर त्यातून, हॉर्नची त्यातून आणि इंजिनाला स्पार्क देणाऱ्या कॉइलचीही त्यातूनच. तो रुसला की गाडी रुसली.

मी तो ओढून उघडला आणि “अगं बाई!” असं तोंडातून निघून गेलं. आत सगळं हिरवंगार. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं की जसं कळकतं ना, तशा पिना कळकल्या होत्या. असं झालं की पिना नीट टेकत नाहीत. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर कशीबशी टेकून राहतात, रामटेकच्या खड्ड्यांत धक्का बसला की सुटतात. गॅरेजात बॉनेट उघडून कुणी वायरी हलवल्या की पुन्हा टेकतात. म्हणूनच गॅरेजात कधी काही सापडलं नाही.

संध्याकाळी मी बाईंना तो कपलर दाखवला. “वायर कुणी ओढली नाही. पिना गंजल्या.”

“मे महिन्यात गंज?” बाई म्हणाल्या. “ह्या नागपूरच्या उन्हात माणसाच्या अंगातलं पाणी टिकत नाही, आणि गाडीला गंज चढतो?”

प्रश्न बरोबर होता. जुना गंज असेल, असं म्हणून मी वेळ मारून नेली. नवीन पिना टाकल्या, एकेक वायर सोलून, सोल्डर करून, ओढून पाहिली. गाडी मस्त सुरू झाली. शामरावांनी मला इतक्या वेळा हात जोडले की मलाच कसंसं झालं.

पुढचा गुरुवार नीट गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी गाडी पुन्हा बंद.

भर दुपारी शामराव चालत आमच्या घरी आले. तोंड एवढंसं झालं होतं. गाडी दोराने ओढून ह्यांच्या गॅरेजात आणली होती.

“बाईनं सांगतलं जी, महिना सरला की खोली खाली करा,” ते म्हणाले. “पोरीयची शाळा इथंच आहे. गावाकडं आता काय आहे आमचं?”

मी चपला घातल्या आणि गॅरेज गाठलं. कपलर उघडला. माझ्या नव्याकोऱ्या पिना हिरव्या! असा संताप आला म्हणता! बोट फिरवून जिभेला लावलं. असं कुणी करू नये, विषारी असतं ते, पण मी केलं खरं. आणि लगेच थुंकले. खारट होतं.

“शामराव, गाडी धुता किती वेळा?”

“हप्त्यातून एकदा जी. तेही फडकं पिळून. पाणी मारत नाही.”

माणूस खोटं बोलत नव्हता, आणि कपलरमध्ये पाणी तर शिरलं होतं. आमचे हे म्हणाले, “सोड ना वं. दुसरा कपलर टाक आन मोकळी हो.”

“काहून सोडू?” मी म्हटलं. “माझं काम नासलं ह्यात. आन त्या माणसाचं घर जाऊन राहिलं.”

नवीन पिना टाकून गाडी परत पाठवली. दोन दिवसांनी ऐन दुपारी, कुणाला न सांगता, मी डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हाळी वाऱ्याची लू अशी की डोळे उघडवेनात. फाटक ढकललं आणि जागच्या जागी थांबले.

कडुनिंबाखाली गाडी उभी. बॉनेटवर ओली गोणपाटं. समोरच्या जाळीवर दोरीने बांधलेला वाळ्याचा जाड पडदा, आपण कूलरला लावतो तसा. आणि शामराव बादली घेऊन लोट्यालोट्याने त्यावर पाणी सोडत होते. पाणी पडद्यातून झिरपून थेट जाळीच्या आत. वर आतल्या आरशाला दोऱ्याने एक कांदा टांगलेला. लू लागू नये म्हणून आपण खिशात ठेवतो, तसाच.

“शामराव! काय करून राहिले हे?”

ते दचकले, मग हसले. “काही नाही जी. गाडीले लू लागते ना. थंड ठेवून राहिलो.”

“तुम्ही म्हणाले होते ना, पाणी मारत नाही म्हणून?”

“तुमी धुण्याचं पुसलं होतं वहिनी. हे काय धुणं आहे का?”

मी कपाळाला हात लावला. पाणी त्या बंगल्याच्या विहिरीचं, चांगलं खारट. हॉर्नच्या वायरीत गाडी बंद असतानाही करंट असतो. पितळ, खारं पाणी आणि करंट एकत्र आले की पितळ खाऊन जातं, फार दिवस लागत नाहीत. हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते ऐकता ऐकता बादलीशेजारी खालीच बसले.

“म्हंजे मीच मारली का जी गाडी?”

“मारली नाही. लाड जास्त केले. पण हे सुचलं कसं तुम्हाला?”

मी पिच्छाच पुरवला तेव्हा निघालं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाई एकदा गाडीत बसल्या आणि चटका लागून उठल्या. म्हणाल्या, शामराव, ही गाडी आहे की भट्टी? काहीतरी करा हो हिला थंड ठेवायला! शामरावांनी केलं. रोज, न चुकता, बाई दुपारच्या आडव्या झाल्या की, स्वतः लूत उभं राहून.

“मग हे सांगा ना बाईंना! त्यांच्याच हुकुमानं झालं म्हणावं.”

“नाही जी!” शामराव एकदम उठून उभे राहिले. “पाया पडतो, पण थे सांगू नका. त्या रामटेकच्या बाईचं लेकरू जाता जाता राहिलं. आपल्याच बोलण्यानं गाडी बंद पडली हे बाईले समजलं, तं त्या जेवणार नाहीत. तुमी पाहिल्या नाहीत, रात-रात जागतात त्या पेशंटसाठी.”

“आणि तुमची खोली?”

“पाहू जी.”

काय बोलणार अशा माणसाला? रागही आला आणि मायाही. पण पाण्याची गोष्ट सांगणं भाग होतं, नाहीतर वायर ओढल्याचा ठपका तसाच राहिला असता. दवाखाना उघडल्यावर मी शामरावांना घेऊनच बाईंच्या खोलीत गेले. गोणपाट, वाळा, विहीर, कपलर, सगळं सांगितलं. हुकुमाचं तेवढं गिळलं. आयुष्यात मी गिळलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक.

बाई खुर्चीत मागे रेलल्या. “म्हणजे पाणी ह्यांनी घातलं. शामराव, कुणी सांगितले होते हे उद्योग?”

“कोणी नाही बाई. माझ्या मनानं.”

“गाडी थंड ठेवायला?” बाई थांबल्या. कपाळावर आठी आली. “थांबा. मी काही बोलले होते का तुम्हाला? भट्टी वगैरे?”

“नाही बाई. तुमी नाही. तुमी कवाच नाही.”

शामराव हातातल्या टोपीचा पिळा करत होते. कान लालबुंद झाले होते, नजर जमिनीवर, आणि घाम तर असा की बघवत नव्हतं. मी पायांकडे बघत राहिले.

“शामराव,” बाई अगदी हळू म्हणाल्या, “तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो.”

त्यांनी टोपीला आणखी एक पीळ दिला.

“दिवसभर माणसं माझ्यासमोर काहीबाही लपवतात. मला कळतं. तुमचा तर चेहराच सांगतोय.” त्यांनी चष्मा काढला. “आणि त्या दिवशी रस्त्यावर ‘मी हात लावला नाही’ म्हणालात, तेव्हा हे असं काही नव्हतं. सरळ माझ्याकडे बघून बोलला होतात. मीच बघितलं नाही तुमच्याकडे.”

शामरावांनी टोपी डोळ्यांना लावली. माझाही पदर वर गेला, खोटं कशाला सांगू?

“खोली तुमची आहे,” बाई म्हणाल्या. “मी बोलले ते चुकले.” मग खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, “माझ्याच बोलण्यानं झालं की हो सगळं.”

“नाही जी बाई,” शामराव टोपीआडूनच म्हणाले. लगेच, ताबडतोब. पुन्हा तेच खोटं, आणि तितकंच वाईट बोललेलं.

मी तो कपलर जाळीमागून कायमचा काढला. वायरी लांबवून आत डॅशबोर्डखाली नेल्या, पिनांना ग्रीस भरलं आणि वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. त्यानंतर ती गाडी रामटेकच्या रस्त्यावर वायरिंगमुळे कधी थांबली नाही. शामराव बाईंकडेच म्हातारे झाले.

धंद्यात मी तेव्हापासून एक पथ्य पाळलं. गाडी कुठे बंद पडते ते मालक सांगतोच. ती उभी कुठे असते आणि तिचे लाड कोण करतं, ते आपण भर उन्हात जाऊन बघून यायचं. आणि कपलर जाळीमागे कधी बसवायचा नाही.